बारा दिवस घर बंद, फिश टँकमधल्या माशांच्या खाण्याचं काय करू?

रानजाई

नमस्कार मंडळी.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सगळे कुडाळला जातोय. धाकट्या दिराचं लग्न आहे, आणि एवढं लांब जातोच आहोत तर पुढे चार दिवस मालवणला नणंदेकडे. म्हणजे नाशिकचं घर बारा दिवस कुलूपबंद. आहेर झाले, कपडे झाले, कुंड्यांना पाणी घालायला वॉचमन तयार झाला. अडलंय ते फिश टँकपाशी.

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. आत दोन गोल्डफिश, चार ब्लॅक मॉली, सहा-सात गप्पी आणि तळाला काचेला चिकटलेला एक सकर. पाण्यात बुडवून लावायचा पॉवर फिल्टर आहे, वर एलईडी लाइट. खाणं म्हणजे दुकानात मिळतात तेच लाल-हिरवे दाणे, सकाळ-संध्याकाळ चिमूट-चिमूट. शिवाय मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावर काचेच्या बाउलमध्ये एक निळा फायटर.

घरात प्रत्येकाचं मत वेगळं. नवरा म्हणतो, दुकानात तो पांढरा ब्लॉक मिळतो, टाकीत टाकला की आठवडाभर हळूहळू विरघळतो, तो आणू. आणलाही. सासूबाई म्हणतात, मुक्या जिवांना उपाशी ठेवून आपण लग्नाचं जेवायचं हे काही बरं नाही, समोरच्या काकूंकडे किल्ली द्या. काकू फार प्रेमळ आहेत, आणि मला भीती त्याचीच वाटते. त्यांच्याकडचं मांजर आता जिना चढताना दम खातं. सासरे म्हणतात, मासेच आहेत, राहतील. मुलाचं म्हणणं आहे की सगळे मासे डब्यात घालून कुडाळला न्यायचे.

तर बारा दिवस मासे न खाता राहतात का? ब्लॉक वापरावा का? तो आपोआप खाणं टाकणारा डबा कोणी वापरलाय का? जाणकारांनी सांगा.

ता. क. गप्पीला गेल्या आठवड्यात पिल्लं झालीत. पंधराएक असतील. मोठे खातील म्हणून टाकीतच जाळीच्या डब्यात वेगळी ठेवलीत.

खवय्या_बारमाही

कुडाळला चाललात आणि माशांना काय खायला घालू विचारताय? तिकडे उलटा प्रश्न पडेल. सुरमई की पापलेट.

(गंमत हो. मला यातलं ओ की ठो कळत नाही. धागा वाचतोय.)

अंधेरी_लोकल

ऑटो फीडर घ्या आणि निर्धास्त जा. मी बरीच वर्षं वापरतोय. दोन पेन्सिल सेलवर चालतो, टाकीच्या झाकणाला क्लॅम्प करायचा. ठरवलेल्या वेळी डबी एक गोल फिरते आणि फटीतून दाणे खाली पडतात. फट सरकवून कमी-जास्त करता येते.

दोन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे त्यात फ्लेक्स भरू नका, टाकीच्या वाफेने ओले होऊन फटीत गच्च बसतात. कोरडे बारीक दाणेच भरा. दुसरं, आणल्या आणल्या लावून निघू नका. निघायच्या आठवडाभर आधी लावा, आणि खाली वाटी धरून एका फेरीत किती पडतंय ते बघा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मीच दचकलो होतो. कंपनीच्या हिशेबाने 'थोडं' म्हणजे आपल्या हिशेबाने चार दिवसांचं.

टाकीवाला

ताई, मी कल्याण-डोंबिवली पट्ट्यात टाक्या साफ करायची कामं घेतो. घरातल्या, दवाखान्यातल्या, हॉटेलातल्या, महिन्याच्या बोलीवर. आमचा खरा सीझन म्हणजे मे अखेर आणि दिवाळीनंतरचा आठवडा. लोक गावाहून येतात, दार उघडतात आणि बॅगा खाली ठेवायच्या आधी फोन लावतात, "दादा, पाणी पांढरं झालंय, वास मारतोय." अशा टाकीत हात घातला की तळाला काय लागतं ते सांगतो. दाण्यांचा थर. भिजून फुगलेले, एकमेकांना चिकटलेले, वर पांढरी लव आलेली. आणि मासे उलटे तरंगतायत. उपासमारीने मेले असते तर एवढं खाणं उरलं असतं का?

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर: मोठे, ठणठणीत मासे आठ दिवस तर सहज राहतात, बारा दिवसही राहतात. मासा थंड रक्ताचा प्राणी. अंग गरम ठेवायला त्याला आपल्यासारखं सतत अन्न जाळावं लागत नाही. सासूबाईंना सांगा की आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या सिक्लिड माशांमध्ये आई अंडी नि पिल्लं तोंडात धरून फिरते, तीनेक आठवडे, आणि तेवढे दिवस जवळजवळ काही खात नाही. त्यानंतर पिल्लं सोडून देते आणि पुन्हा खायला लागते. आम्ही बघतो ना या टाक्या, जबडा फुगलेली मादी ओळखू येते. सासूबाईंना हे पटेल, उपासतापास करणाऱ्या बाईला पटतंच. माझ्याकडच्या टाक्यांना सोमवार असतो. त्या दिवशी दाणा नाही.

तुमच्या टाकीत शिवाय अगदीच काही नाही असंही नसतं. काचेवर, फिल्टरवर, खड्यांवर जी हिरवी-तपकिरी शेवाळाची साय येते ती मॉली दिवसभर कुरतडत असतात. गप्पीसुद्धा. म्हणून जायच्या आधी टाकी घासूनपुसून लख्ख करू नका. पुढची काच पुसा, मागची नि बाजूची तशीच राहू द्या. सकर घाण खातो असं दुकानदार सांगतो ते मनावर घेऊ नका. तो शेवाळ खातो, दाणेही खातो, आणि मुख्य म्हणजे स्वतः भरपूर घाण करतो. निघायच्या आदल्या रात्री काकडीची एक जाड चकती काट्या-चमच्यातला काटा टोचून तळाला सोडा, सकाळी उरलेली काढून टाका. आत ठेवून जायचं नाही.

जाताना "बारा दिवस मिळणार नाही, आज पोटभर खाऊ दे" म्हणून मूठभर टाकायचा मोह सगळ्यांना होतो. ते अजिबात करू नका. शेवटच्या दोन दिवसांत रोजच्यापेक्षा कमीच द्या.

आता काकू. किल्ली जरूर द्या, पण खाणं घालायला नाही, लक्ष ठेवायला. दाण्यांचं पाकीट काकूंच्या हाती लागू देऊ नका. कपाटात टाका नाहीतर सरळ कुडाळला घेऊन जा. देवघरात कुंकवाच्या करतो तशा कागदाच्या दोन पुड्या करा, तुम्ही एका वेळी घालता त्याच्या निम्मे दाणे प्रत्येकीत, वर वार लिहा. चौथ्या दिवशी एक, आठव्या दिवशी एक, बास. आणि काकूंना एक गोष्ट तोंडाने नीट समजावून सांगा, चिठ्ठी वाचत नाहीत लोक. माणूस टाकीसमोर गेला की सगळे मासे धावत पुढच्या काचेला येतात, गोल्डफिश तर तोंडाची उघडझाप करत वरखाली नाचतात. बघणाऱ्याच्या पोटात कालवतं. ती भूक नसते, माणूस आला की वरून काहीतरी पडतं ही त्यांना लागलेली सवय असते. जेवून पाच मिनिटं झालेला गोल्डफिशही असाच नाचतो. काकू विरघळणार त्या इथेच.

तो पांढरा ब्लॉक परत करता आला तर करा. बहुतेक ब्लॉक म्हणजे प्लास्टरसारखा पदार्थ आणि त्यात दाणे कोंबलेले. तो तुमच्या माशांच्या भुकेप्रमाणे विरघळत नाही, पाण्याच्या मर्जीने विरघळतो. कोणाकडे दोन दिवसांत भुगा होतो, कोणाकडे आठवड्याने तसाच दगड. पन्नास लिटरच्या टाकीत हा जुगार नको. फीडरबद्दल अंधेरीवाल्यांनी लिहिलंय ते बरोबर आहे, पण मी तो पंधरा दिवसांपेक्षा जास्त जाणाऱ्यांनाच सांगतो. बारा दिवसांसाठी नवीन मशीन आणून त्याच्यावर भरवसा टाकण्यापेक्षा न दिलेलं बरं.

आता जे तुम्ही विचारलंच नाही ते. मेन स्विच.

आपल्या लोकांना गावाला जाताना घराचा मेन स्विच बंद करायची सवय आहे. गॅस बंद, नळ बंद, मेन बंद, मग कुलूप. हे काम घरातला ज्येष्ठ पुरुष सगळे खाली उतरल्यावर शेवटी करतो आणि कोणाला सांगत नाही. फिल्टर बंद, हवा बंद, मे महिना. फिल्टरच्या स्पंजमध्ये जे चांगले जिवाणू असतात, माशांच्या घाणीतला अमोनिया पचवून त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे, त्यांना वाहत्या पाण्यातला ऑक्सिजन लागतो. पाणी थांबलं की ते मरायला लागतात. उपासाने वाचला असता तो मासा याने जातो. तेव्हा डीबी बॉक्स, म्हणजे मेन स्विचचा डबा, उघडा, टाकीचा प्लग त्यातल्या कुठल्या एमसीबीवर (खटक्यावर) आहे ते शोधा, गीझर, एसी, बाकी सगळे पाडा, तो एक चालू ठेवा आणि त्यावर चिकटपट्टी लावून लिहा, "मासे. हात लावू नये."

मध्येच लाइट गेली-आली तर फिल्टर आपला आपण सुरू होतो का तेही बघून ठेवा. अर्धा तास प्लग काढून ठेवा, परत लावा. काही जुने पॉवर फिल्टर आत हवा अडकल्यामुळे नुसते घुरघुरतात, पाणी ओढत नाहीत. तसं असेल तर निघायच्या आधी उघडून आतला पंखा साफ करा. हवेचा पंप असेल तर तो पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर लाइट गेल्यावर नळीतून पाणी उलटं येऊन पंपात नि तिथून जमिनीवर. दुकानात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह मिळतो, अगदी किरकोळ किमतीत. नळीच्या मध्ये बसवायचा.

फायटर आणि पिल्लांवर संध्याकाळी लिहितो. एका दवाखान्यात टाकी अर्धी उपसून ठेवलीय आणि बाहेर पेशंट बघतायत.

शिरगावचा_पाव्हणा

टाकीवाले दादा, सलाम. मी रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलोय, त्यामुळे काकूंच्या मुद्द्याला थोडी आकडेमोड जोडतो.

मत्स्यशेतीत एक ठोकताळा वापरतात: खाद्याचं वजन गुणिले त्यातली प्रथिनं गुणिले 0.092, म्हणजे मासे ते खाऊन पाण्यात किती अमोनिया-नायट्रोजन सोडतील ते. समजा काकूंनी सगळ्या भेटींत मिळून 10 ग्रॅम दाणे घातले आणि त्यात 40 टक्के प्रथिनं आहेत. उत्तर येतं सुमारे 0.37 ग्रॅम. ताईंच्या टाकीत खडे वगैरे वजा जाता 50 लिटर पाणी धरलं तर लिटरला साधारण 7.4 मिलिग्रॅम. हे मासे सगळं खातील असं धरून. न खाता तळाला कुजलं तर आणखी वाईट, कारण त्यातला माशांच्या अंगी लागणारा भागही पाण्यातच येतो.

फिल्टर चालू आणि जुना असेल तर तो हे रोजच्या रोज खपवत राहतो. पण एकदम पडलं किंवा फिल्टर बंद पडला तर खपत नाही. आणि अमोनियाचा खरा विषारी भाग किती हे पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचं माप) नि तापमानावर ठरतं. 30 अंशांना पीएच 7 असेल तर एकूण अमोनियाच्या एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी रूपात असतो. पीएच 8 झाला की सात-साडेसात टक्के. बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी 8 च्या आसपास असतं. लिटरला 0.05 मिलिग्रॅमपासून कल्ल्यांना इजा व्हायला लागते असं मानतात. वरच्या हिशेबाने पीएच 8 ला हा विषारी भाग अर्ध्या मिलिग्रॅमच्या पुढे जातो.

उपाशी मासा अमोनियाही कमी सोडतो, हा उपासाचा आणखी एक फायदा.

रानजाई

बाप रे. एवढं छान आणि सविस्तर उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. सर्वांचे आभार.

मेन स्विचचं वाचून मी सासऱ्यांना सहज विचारलं. म्हणाले, "अर्थात बंद करणार. गेल्या वर्षी पण केला होता." गेल्या वर्षी टाकी नव्हती म्हणून बरं. आता ते स्वतः स्टूल घेऊन डीबी उघडून बसलेत आणि एकेक एमसीबी पाडून मला विचारतायत, "आता बंद झाला का?" टीव्ही बघणारे वैतागलेत.

ब्लॉकचे पैसे दुकानदाराने परत दिले नाहीत, बदल्यात जाळी दिली. पुड्यांची कल्पना सासूबाईंना एकदम पसंत. फक्त 'निम्मे दाणे' याला त्यांचा विरोध आहे. मलावीच्या माशाची गोष्ट मात्र त्यांनी फोनवर दोघींना सांगून झाली.

आमच्याकडे पाणी महापालिकेचं आहे, बोअरचं नाही. काकूंनी मध्ये पाणी बदलायला हवं का?

ऑरेंज_सिटी

नागपूरहून. आमच्याकडे मे म्हणजे काय ते सांगायला नको. ताई, सगळे खाण्यावर बोलतायत, मी बंद घराच्या उकाड्यावर बोलतो. तुम्ही घरात असता तेव्हा खिडक्या उघड्या, पंखा चालू. कुलूप लावलं की तीच खोली भट्टी. 20 अंशांच्या पाण्यात लिटरला 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 32 अंशांना 7.3 च्या आसपास. आणि गरम पाण्यात माशाला तो लागतो जास्त. पोट भरलेल्या माशाला पचवायला आणखी लागतो. गोल्डफिश तर थंड पाण्याचा.

टाकीवर ऊन येत असेल तर त्या खिडकीचा पडदा ओढून जा. लाइट बंद ठेवा, नाहीतर टायमरवर पाच-सहा तास. बारा दिवस चोवीस तास एलईडी जळत ठेवला तर परत आल्यावर मासे दिसणार नाहीत, नुसतं हिरवं पाणी दिसेल. फिल्टरचं तोंड असं फिरवा की पाण्याचा वरचा थर हलत राहील, ऑक्सिजन तिथूनच मिसळतो. हीटर असला तर उन्हाळ्यात प्लग काढूनच ठेवा. आम्ही टाकीवर छोटा पंखाही लावतो, दोन-तीन अंश उतरतात, पण त्याने पाणी भराभर उडतं. घरी कोणी नसताना नको.

टाकीवाला

नागपूरकरांशी शंभर टक्के सहमत. उडणाऱ्या पाण्याचाच मुद्दा पुढे नेतो. तुमच्या मापाच्या टाकीत पातळी एक सेंटिमीटर उतरली म्हणजे जवळजवळ दोन लिटर गेलं. बारा दिवसांत ते दिसण्याइतकं उतरणार. पॉवर फिल्टर काचेला वरच्या बाजूला चिकटवलेला असेल तर आत्ताच दोन-तीन इंच खाली सरकवा, म्हणजे पातळी उतरली तरी तो कोरडा फिरणार नाही. रबराचे कप जुने, कडक झाले असतील तर बदला. झाकण लावा, पण हवेला फट ठेवून.

काकूंनी पाणी बदलू नये. बदलणं म्हणजे नळाचं क्लोरीनवालं पाणी बादलीने थेट ओतणं, तेच होतं नेहमी. नुसती भर घालायची असेल तर तुम्ही निघायच्या आदल्या दिवशी एक बादली भरून टाकीशेजारी झाकून ठेवा, आठव्या दिवशी पुडीबरोबर त्यातलं दोन तांबे हळूच ओता म्हणावं. तुम्ही स्वतः निघायच्या दोन-तीन दिवस आधी पाव टाकी पाणी बदला. निघायच्या दिवशी नको, काही बिघडलं तर बघायला कोणी नसतं. स्पंज धुवायचा तर टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळा, नळाखाली नाही. जाताना सावधगिरी म्हणून ते निळं औषध (मिथिलीन ब्लू) टाकायचं नाही, त्याने फिल्टरमधले जिवाणू मार खातात. आणि लग्नघरी निघायच्या आनंदात नवीन मासा आणायचा नाही. नवा मासा आजार घेऊन आला तर तो पुढच्या आठवड्यात दिसतो, म्हणजे नेमका तुम्ही मालवणला असताना.

फायटरचं असं आहे की त्याला वरची हवा घेता येते, डोक्यात तसा वेगळा अवयव असतो, म्हणून तो बाउलमध्ये तगतो. उपासाचीही त्याला फारशी पडलेली नसते. पण बाउलमध्ये दोन-तीन लिटर पाणी, फिल्टर नाही. त्याला मोठ्या टाकीत सोडू नका, गप्पीच्या शेपट्या बघून त्याचं डोकं फिरतं. निघायच्या आधी बाउलचं पाणी बदला, शक्यतो मोठं भांडं द्या, प्लास्टिकची पाच-सात लिटरची बरणीही चालेल, तोंडावर जाळी बांधा कारण हा उडी मारतो. पाणी भांड्याच्या काठापर्यंत भरू नका. आणि बारा दिवसांत त्याला दोनदा दोन-दोन दाणे. मोजून दोन. त्याच्या पुड्या वेगळ्या, वर "निळा" लिहा.

आता पिल्लं. ताई, सगळ्या धाग्यात खाण्याची खरी काळजी करायची ती यांचीच, आणि तुम्ही ती ता. क. मध्ये टाकलीत. मोठ्या माशाला जे लागू ते आठ-दहा दिवसांच्या पिल्लाला नाही. ते वाढत असतं, अंगावर साठा नसतो, त्याला दिवसातून तीन-चारदा थोडं थोडं लागतं. बारा दिवस जाळीच्या डब्यात ठेवलीत तर डब्यात खायला काही नाही आणि बाहेर पडायला वाट नाही. बाहेर सोडलीत तर गोल्डफिश दोन दिवसांत साफ करेल, पिल्लांची आईसुद्धा मदत करेल. तुमच्या ओळखीत कोणी आहे का जो दहा-पंधरा लिटरचा टब घरी ठेवून घेईल? शाळेतलं पोर असेल तर उत्तम. मोठ्या माणसांपेक्षा पोरं हे काम मन लावून करतात.

रानजाई

बी विंगमध्ये मुलाचा वर्गमित्र आहे. ही बातमी ऐकल्यापासून दोघं जमिनीवर नाहीत. त्याच्या आईने होकार दिलाय, अट एवढीच की टब बाल्कनीत राहील. टबमध्ये काय काय घालू? आणि खाणं किती सांगू? त्या पोराला 'चिमूटभर' म्हटलं तर तो मूठ टाकेल.

टाकीवाला

बाल्कनी चालेल, पण सावलीचा कोपरा हवा. दुपारचं ऊन थेट पडलं तर एवढंसं पाणी उकळायला वेळ लागत नाही. टबमध्ये तुमच्या टाकीतलंच पाणी भरा, नवं नाही. शक्य असेल तर दुकानातून हॉर्नवर्ट किंवा जावा मॉस या पाणवनस्पतीची एक जुडी आणून सोडा, त्याच्यावर डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव असतात, पिल्लं मधल्या वेळात ते टिपतात. वर मच्छरदाणीचा तुकडा इलास्टिकने ताणून बसवा, एक तर कावळे, आणि दुसरं उघड्या पाण्यात डास अंडी घालतात. गप्पी मोठे झाले की त्या अळ्या खातात, महापालिका म्हणूनच त्यांना डबक्यात सोडते, पण एवढ्याशा पिल्लाच्या तोंडात ती अळी मावत नाही.

हवेचा छोटा पंप नि स्पंज फिल्टर असेल तर लावा. नसेल तर रोज संध्याकाळी एक मग पाणी काढून, आदल्या दिवशी भरून ठेवलेलं एक मग पाणी घालायचं. काढताना मगात पिल्लू आलंय का ते बघून ओतायचं, हे पोराला दोनदा सांगा.

खाण्यासाठी ते लाल-हिरवे दाणे खलबत्त्यात अगदी पिठीसारखे कुटा आणि औषधाच्या छोट्या डबीत द्या, पाकीट नको. मग मुलाला हे दाखवा: टूथपिकचं टोक पाण्यात बुडवायचं, ते ओलं टोक पिठीला टेकवायचं, जेवढी पिठी चिकटेल तेवढीच टबात नेऊन हलवायची. एका वेळेला एकच टोक. सकाळी शाळा नसली तरी उठल्यावर, दुपारी, संध्याकाळी. पोट नारिंगी-लालसर गोल दिसलं की पोचलं समजायचं. पिल्लं पारदर्शक असतात, पोटातलं खाणं बाहेरून दिसतं, मुलांना ते बघायला फार आवडतं.

शिरगावचा_पाव्हणा

टबाचं पाणी नि टाकीचं पाणी एकच असलं तरी परत आणताना तापमान वेगळं असेल. पिल्लं पिशवीत घेऊन पिशवी टाकीच्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवा, मग जाळीच्या डब्यात सोडा. आणि मोठ्या माशांनाही आल्या आल्या भरपेट घालू नका. पहिल्या दिवशी अर्धं, पाव टाकी पाणी बदलून झाल्यावर.

रानजाई

चालेल. टूथपिकची रंगीत तालीम आत्ता जेवणाच्या टेबलावर चालू आहे, खलबत्त्याला माशांचा वास लागला म्हणून सासूबाईंनी नवा मागितलाय.

एक शेवटचं विचारते, सकरला काकडी लावायचा काटा स्टीलचा चालतो ना?

टाकीवाला

चालतो, एका रात्रीचं काम आहे. फक्त तो काटा परत ताटात घेऊ नका.